मूलची घंटी नागभीडला

मित्रांनो, या गोदामात मोडक्या खुर्च्यांमागे जे लाकडी कपाट दिसतं, ते कपाट नव्हे. तो मी, एक जुना टेलिफोन बोर्ड. माझं अंग आलापल्लीच्या सागाचं. चांद्याच्या एका लाकूड कंपनीच्या कचेरीत मला बसवलं, तेव्हा मला झेंडूचा हार घातला होता.

बाहेरचा फोन आला की माझी एक झडप पडे. माझ्यापुढे बसून फोन जोडणारी गुणाबाई विचारी, "कोन पाह्यजे?" मग दोरीची पितळी खुंटी मूल गावच्या, लाकूड कापणाऱ्या आरागिरणीच्या नाही तर नागभीडच्या लाकूड डेपोच्या भोकात खोचून ती तिकडची घंटी वाजवी. गुणाबाई विधवा होती, बोलायची कमी. रोज सकाळी पदर खोचून मला पुसायची.

एका उन्हाळ्यात मोठं वादळ झालं आणि तक्रारी सुरू झाल्या. मूलचे फोन नागभीडला उचलले जाऊ लागले.

"बाई, लक्ष कुठी राह्यते तुमचं?" मॅनेजर बापूजींनी विचारलं. त्यांच्यासमोर तिनं मूलची घंटी वाजवली. मूलच बोललं. "पाहा, बरोबर लागते. म्हंजे चूक तुमचीच."

गुणाबाई लक्ष ठेवून पाहत राहिली. खिडकीबाहेरचा कडुलिंब हलू लागला की फोन भरकटायचा. वारा पडला की नीट लागायचा. ती बापूजींकडे गेली.

"मूलची अन् नागभीडची, दोन्ही तारा मूलपर्यंत एकाच खांबांवरून जातेत. वाऱ्यानं एकमेकीले लागत असतीन. लाइनमनले पाठवा."

"पाहू पुढच्या हप्त्यात."

त्याआधीच एका सकाळी नागपूरच्या दवाखान्यातून फोन आला. आरागिरणीतल्या इस्तारीची बायको धुरपता शेवटच्या घटका मोजत होती, नवऱ्याला बोलवा म्हणत होती. वारा सुटला होता. गुणाबाईनं मूलची घंटी वाजवली, पलीकडून 'हॅलो' आलं आणि ती दुसऱ्या फोनकडे वळली. तो 'हॅलो' नागभीडचा होता.

"इथी कोनी इस्तारी नाई," डेपोतला कारकून म्हणाला आणि त्यानं फोन ठेवून दिला. घंटी मूललाही वाजली होती, पण करवतीच्या आवाजात कोणाला ऐकू गेली नाही. ते बोलणं माझ्यातूनच गेलं. मला सांगता आलं नाही.

संध्याकाळी वारा पडला. दवाखान्याचा दुसरा फोन बरोबर मूलला लागला. धुरपता गेली होती.

तेरवी आटोपून इस्तारी कचेरीत आला. "बाई, सकाळीच फोन आलता म्हन्तेत. मले काऊन नाई भेटला?"

गुणाबाईला तारांचं सांगता आलं असतं, बापूजींचंही. ती म्हणाली, "माझ्या हातूनच गेला भाऊ तो. पलीकडं कोन हाय, म्या इचारलं नाई."

इस्तारी बाकावर बसला. "दाराकडं पाह्यत राह्यली असन ते," एवढंच बोलून उठला. दारात उभ्या बापूजींकडे त्यानं पाहिलंही नाही.

त्याच दिवशी बापूजींनी लाइनमन लटारूला पाठवलं. मूलजवळच्या खांबावर तार अडकवायची चिनी मातीची वाटी फुटली होती. सैल तार दुसरीवर आपटत होती. काम घटकाभराचं निघालं.

त्यानंतर पलीकडच्याचं नाव कानांनी ऐकल्याशिवाय गुणाबाईनं एकही फोन जोडून दिला नाही. लोक चिडत. ती ऐकून घेई. पुढे ती थकली, घरी बसली. आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं आणि मी इथं आलो.

मित्रांनो, चुकून दुसऱ्याचा फोन तुमच्याकडे आला, तर लगेच ठेवू नका. कोण हवंय ते विचारा, ठाऊक असेल तर सांगा, निदान पुन्हा लावायला सांगा. त्या आवाजामागे कुणाचा तरी जीव अडकलेला असू शकतो.