बर्फवाल्यांचे दोन आवाज

आमच्या घरात सध्या एकच भांडण चालू आहे. घशातून गुरगुरणं म्हणजे गाणं का? भीमराज म्हणतात, व्हय. मी म्हणते, न्हाई. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, काय सुखी माणसं आहेत, यांना भांडायला दुसरं काही नाही. मला भीती वाटते आहे आणि ती तोंडातून निघत नाही, म्हणून मी एका परदेशी बँडवर राग काढते.

भीमराज माझे मिस्टर. हिंगोलीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहेत. गाड्यांच्या घोषणा तेच करतात. शिवाय आमची गायन पार्टी आहे. भीमजयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत आम्हाला घरी जेवायला सवड नसते. ते मुख्य गायक, मी कोरसात. लग्न झाल्यापासून त्यांच्या पाठीमागे उभी राहून गाते, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यापेक्षा मला त्यांचा आवाज जास्त पाठ आहे. गाण्याच्या सुरुवातीला ते एक लांब आलाप घेतात. तेवढा वेळ ढोलकीवाला हात वर धरून बसतो आणि मांडवातली लेकरंसुद्धा गप्प होतात.

मार्चात तो आवाज बसला. आमचं घर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागे आहे. उन्हाळ्यात तिथं हळदीची पॉलिश चालते आणि पिवळी धूळ भांड्याकुंड्यांवर, अंथरुणावर, घशात, सगळीकडे बसते. गल्लीतला माणूस त्या दिवसांत घोगरंच बोलतो. 'हळद बसली' म्हणायचं, गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि कामाला लागायचं. दुसऱ्या गावच्या बाईने असा नवरा केव्हाच दवाखान्यात ओढत नेला असता. आम्ही सगळं हळदीवर ढकललं. जयंतीला आलापाची वेळ आली तेव्हा मी आणि कोरसातल्या निताने मिळून ती निभावली. मग हळद संपली, शेतात सोयाबीन वीतभर वर आलं, गल्लीतले घसे एकेक करून मोकळे झाले. यांचा झाला नाही.

इथल्या डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला, तंबाखूचं विचारलं आणि म्हणाले, नांदेडला जाऊन दुर्बिणीने बघून घ्या, उशीर करू नका. पुढे मोबाइलवर मी काय काय वाचलं ते इथं सांगत नाही. भीमराजांनी त्या दिवसापासून नांदेडचं नाव घेणंच टाकलं. एसटीतल्या माणसाला पास असतो, गाडी समोर लागते, 'नांदेडला जाणारी गाडी फलाटावर उभी आहे' हे हाच माणूस सांगतो आणि स्वतः काही त्या गाडीत चढत नाही. काय म्हणावं याला? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्याकडे तो राक्षस पांघरूण घालून झोपवून ठेवला होता.

गाता येईना म्हणून ते ऐकायला लागले. पुण्याला शिकणाऱ्या आमच्या दीक्षाने कुठल्या तरी थंड देशातल्या बँडचं गाणं पाठवलं. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात त्याला. बँडचं नाव जिभेला जड, म्हणून आम्ही त्यांना बर्फवाले म्हणतो, कारण पहिल्या अल्बमच्या चित्रावर सगळा बर्फ आहे. हे लोक पंचवीस-तीस वर्षांपासून वाजवून राहिलेत आणि आम्हाला पत्ता आता लागला. एकेक गाणं एवढं लांब की वरण शिजून होतं. ताल मध्येच असा वळतो की आमच्या ढोलकीवाल्याने हात जोडले असते. गाणारा एकच, पण त्याचे आवाज दोन. एक साफ, त्याला दीक्षा क्लीन म्हणते. दुसरा ग्रोल. पोटातून वर ओढून काढलेली गुरगुर.

भीमराज त्या ग्रोलवर फिदा झाले. जगभरचे ऐकणारे यावरून भांडतात म्हणे. नव्या अल्बमांत ग्रोल सोडला म्हणून निम्मे नाराज, निम्मे खूश. भीमराज नाराजांच्या बाजूचे.

"काहून आवडत न्हाई तुला?" ते त्यांच्या घोगऱ्या आवाजात विचारायचे. "गळा फाटला न्हाई त्याचा. मेहनतीनं कमावलाय."

"म्हैस अडल्यासारखं वरडते. याला मेहनत म्हणतेत?"

"मग दुःख काय मंजुळ आवाजात सांगावं का माणसानं?"

मुद्दा चांगला होता, म्हणून मला जास्तच राग आला. एरवी मी मानलाही असता. पण एका रविवारी दुपारी जेवताना ते हसत म्हणाले, "लोक वर्षं-वर्षं झिजतेत असा आवाज यावा म्हणून. मला फुकटात भेटला. नांदेडला जाऊन काय तो बी काढून देऊ?"

माझा हात ताटातच थांबला. इतके दिवस मला वाटत होतं, हा माणूस गाणं ऐकतो आहे. ते लपायला जागा शोधत होते आणि ती त्यांना सापडली होती.  हळदीची सबब संपली तशी ही संपणार नव्हती, ती कुठल्या हंगामाला बांधलेली नव्हती.

मी हात धुतला. त्यांचा मोबाइल घेतला आणि दीक्षाने पाठवलेलं ते लांब गाणं लावलं. भांडायला म्हणून का होईना, ते मी चोरून पुष्कळदा ऐकलं होतं.

"ऐका आता. तुमीच ऐका."

ग्रोल आला. भिंतीवरच्या ताटल्या थरथरल्या. मग गिटार हळूहळू खाली उतरली, आणि तोच माणूस, त्याच घशाने, साफ सुरात गायला लागला. दिवसभर मातीत राबलेला माणूस तोंड धुऊन जेवायला बसावा तसा. मी गाणं बंद केलं.

"बघितलं? त्यो परत येते. वरडते आन् परत येते. त्याला दोन्ही बराबर जमते, म्हणून ते गाणं हाय. मानलं मी. आता तुमी करून दाखवा."

"काय करू?"

"ग्रोल करा, आन् त्याच्यामागून तुमचा आलाप घ्या. जमला तर मी हरले. नांदेडचं नाव काढणार न्हाई."

बोलून तर गेले. जमला असता तर? तर मी शब्दात अडकले असते. पण त्यांना गाण्याचं आव्हान दिलं की ते मागे हटत नाहीत, हे मला ठाऊक होतं. दुसरी कुठली दोरी माझ्या हातात राहिली नव्हती.

भीमराज उठून उभे राहिले, कार्यक्रमात उभे राहतात तसे, डावा हात कानाशी. ग्रोल त्यांनी असा काढला की बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. खरंच भारी होता. ते माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसले. मग मान वर केली, तोंड उघडलं आणि आलाप घेतला.

नुसती हवा आली.

त्यांना वाटलं, श्वास चुकला. पुन्हा घेतला. सुराचा एक तुकडा निघाला, मध्येच चिरला आणि बंद पडला. तिसऱ्यांदा मानेच्या शिरा टरारल्या, ओठ आलापाचे झाले, आणि पाठीमागे उभी राहून इतकी वर्षं ऐकलेल्या त्या आवाजातलं मला काहीही ऐकू आलं नाही. मी रडत होते. मला त्यांच्याकडून हरायचं होतं हो, किती हरायचं होतं.

"पुरे," मी म्हणाले. "बास करा."

ते खाली बसले. हात घशावर होता, आणि बोटं एकाच जागी पुन्हा पुन्हा जात होती. ती जागा त्यांना आधीपासून माहीत होती हे त्या बोटांवरून कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"जयंतीच्या आधीपासून. गिळताना लागते." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मला लई भेव वाटून राहिलं, पल्लवी. तिथं गेलो आन् त्यायनं नाव सांगितलं, तर मग ते खरं होते."

मी जवळ सरकले.  काही होत नाही असं म्हणायला जीभ वळली नाही, कारण मलाही तेवढंच भेव वाटत होतं. मी खरकटी ताटं बाजूला सारली.

ते म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ." मग हजारो माणसांपुढे छाती काढून गाणारा तो माणूस माझ्या लुगड्याचा काठ बोटात धरून, अगदी बारीक आवाजात म्हणाला, "दुर्बीण नाकातून घालतेत म्हणे. तुला आत येऊ देतील का?"

"न्हाई दिलं तर भांडीन."