रुमालाशिवाय

बुटांच्या दुकानात बुटक्या स्टुलावर बसून तिनं अर्धी हयात लोकांचे पाय पाहिले होते. ओले मोजे, भेगाळलेल्या टाचा, आणि "जरा अंगठ्याशी दाबून बघा हो" म्हणत थेट नाकासमोर आणलेली पावलं. शेवटी तिची कंबरच धरली. डॉक्टरांनी पाठीच्या व्यायामाच्या वर्गाला धाडलं, तिथं ती खडखडीत बरी झाली, आणि तोच वर्ग घ्यायला शिकायचं तिच्या मनानं घेतलं. वर्ग घेणाऱ्या बाई आता लेकीकडे राहायला चालल्या होत्या. व्यायामशाळेचा मॅनेजर म्हणाला, "प्रमाणपत्र आणा, सकाळचा वर्ग तुमचा." नाहीतर दुकानातलं ते बुटकं स्टूल होतंच वाट बघत.

पायांच्या तावडीतून सुटायचं म्हणून ती पाठीकडे आली. पण पाठ काही हवेत तरंगत नसते. ती माणसाला चिकटलेली असते आणि माणसाला पायही असतातच, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच सकाळी तिच्या ध्यानात आलं. हॉलमध्ये सगळ्यांनी बूट काढले आणि तिला वाटलं, झालं, आलो आपण परत दुकानात. चटयांना भिजलेल्या कुत्र्याचा वास येत होता. तिला दिलेल्या चटईवर आधीच्या कुणाच्या तरी डोक्याचा तेलकट गोल डाग होता. ती तासभर मान उचलून पडून राहिली आणि मान आखडून घरी गेली.

शिकवणाऱ्या बाई कायम काखेत प्लॅस्टिकचा पाठीचा कणा घेऊन फिरत, तान्ह्या मुलाला घ्यावं तसा. सगळे त्यांना मागून मणकाबाई म्हणत. मणकाबाईंचा सगळा जीव एका व्यायामात. शिकणाऱ्यानं गुडघे वर घेऊन उताणं पडायचं. कंबरेखाली जी पोकळी राहते तिथं शिकवणाऱ्यानं विचारून तळहात सरकवायचा. मग शिकणाऱ्यानं कंबर खाली, त्या हातावर दाबायची. डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं हातालाच कळतं.

सरावाच्या दिवशी तिच्या वाट्याला पोहायला शिकवणारा एक जाडगेला उमेदवार आला. त्याचा बनियन घामानं पाठीला चिकटला होता. तिनं हळूच रुमालाची घडी तळहातावर घेतली आणि हात आत घातला. हाताला दाब लागला. "छान," ती म्हणाली, "असंच धरा."

मणकाबाईंनी दुसऱ्या बाजूनं आपला हात घातला. "पाठ वरच आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा रुमाल गोळा झालाय. शाबासकी त्याला दिलीत तुम्ही."

हॉलभर हशा पिकला. पोहणाराही हसला, त्याच्या पाठीसकट.

"पुढच्या आठवड्यात शेवटची परीक्षा. हात रिकामा हवा," मणकाबाई म्हणाल्या. "आणि प्रत्येकानं घरून एक पाठ आणायची. दुखणारी, कधी व्यायाम न केलेली."

"माझी ने," घरी आल्यावर नवरा म्हणाला.

"तुमच्या पाठीला आता सगळं पाठ झालंय."

"मग ताईला ने. दिवसभर बस चालवते. तिच्याइतकी दुखणारी पाठ तुला कुठं मिळणार?"

ते खरंच होतं, आणि हीच तर पंचाईत होती. वन्सं ड्यूटीवरून घरी आल्या की मानेवरचा टॉवेल स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर टाकत. तो टॉवेल कोरडा असलेला तिनं लग्न झाल्यापासून पाहिला नव्हता. त्या उठून गेल्या की ती चिमट्यानं उचलून तो बाहेर नेऊन ठेवी.

परीक्षेला वन्सं थेट बसवरून आल्या. गणवेश पाठीवर काळा पडला होता आणि दारातच मलमाचा भपका आला.

"आंघोळ नाही केलीत?"

"परीक्षा तुझी आहे. मी कशाला आंघोळ करू?"

वन्सं हुश्श करून चटईवर आडव्या झाल्या. ती शेजारी गुडघे टेकून बसली. खिशातला रुमाल मांडीला लागत होता. तो काढला तर पुन्हा दुकानातलं ते स्टूल, आणि स्टुलासमोर पायांची रांग.

"हात ठेवू का, वन्सं?"

"ठेव. चावत नाही."

तिनं रिकामा हात आत सरकवला. गणवेशाचं कोमट, ओलं कापड. शर्टातून झिरपलेलं मलम बुळबुळीत लागलं, आणि त्यात काहीतरी खरखरीत, ते काय असेल याचा विचार तिनं केला नाही. 

"दाबा."

वन्संनी गाल फुगवले, पोट आत ओढलं, चेहरा लालबुंद केला. तळहातावर काहीच आलं नाही. नुसतं छान म्हटलं असतं तर हात बाहेर काढता आला असता.

"नाही झालं."

"अगं, एवढी लाल झाले की मी."

"तोंड लाल झालं. कंबर वरच आहे. श्वास सोडा. आणि ते स्टीअरिंगही सोडा."

वन्संनी पाहिलं, तर दोन्ही मुठी छातीवर गच्च आवळलेल्या. त्यांनी त्या उघडल्या आणि लांब श्वास सोडला. त्यात दिवसभराच्या शिळ्या चहाचा वास होता. आणि मग ती पाठ हळूहळू खाली आली, ओली, जड, सबंध तिच्या हातावर.

"आली," ती म्हणाली.

 वन्सं हलक्या आवाजात म्हणाल्या, "दुखत नाहीये गं."

"असंच धरा."

घाम आता तिच्या मनगटावरून बाहीत शिरत होता. तिनं हात काढला नाही. मणकाबाईंनी पलीकडून बोटं घालून पाहिली आणि मान डोलावली.

"झालात पास," त्या तिला बाजूला घेऊन म्हणाल्या. "घाण वाटते ना?"

खोटं बोलावं असं तिला क्षणभर वाटलं. "वाटते."

"मलाही. अजून. बेसिन उजवीकडे आहे. साबण मीच आणून ठेवते."

तिनं कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. मागून वन्संनी टॉवेल पुढं केला, तोच तो.

"राहू दे, वन्सं, वाळतील."

"काय ते नखरे. सोमवारपासून येणार आहे मी तुझ्या वर्गाला. मघाशी ठेवलास तिथंच हात ठेव."

"आंघोळ करून या."

"बघू," वन्सं म्हणाल्या आणि टॉवेल मानेवर टाकून जिना उतरू लागल्या. अगदी ताठ.

तिनं तळहाताचा वास घेतला. मलम काही गेलं नव्हतं. तोंड वाकडं करून तिनं पुन्हा साबण उचलला.