अन्नपूर्णाची पहिली मुलाखत

आधी सांगून टाकते, नाहीतर पुढे जीभ रेटणार नाही: अन्नपूर्णाची मुलाखत मी घेतलीच नव्हती.

मनाचे आजार रक्तातून पुढच्या पिढीत कसे उतरतात, हे शोधणाऱ्या एका अभ्यासासाठी मी बुलढाणा जिल्ह्यात घरोघर फिरत असे. निदानच चुकलं तर रक्ताची तपासणी फुकट, म्हणून आमच्या डॉक्टर अनुपमांचा दंडक होता, की एकाच माणसाला दोघांनी वेगवेगळ्या दिवशी तेच प्रश्न विचारायचे, एकमेकांचे फॉर्म पाहायचे नाहीत, आणि दोन्ही निदानं जुळली तरच ती धरायची. अन्नपूर्णाचा भाऊ बरीच वर्षं आजारी होता. बहिणीचं काय, एवढंच पाहायचं होतं.

संग्रामपूरजवळच्या तिच्या गावी मी मे महिन्यात गेले, तेव्हा दाराला कुलूप होतं. तिसरा हेलपाटा, उन्हानं उठलेलं डोकं, आणि चारची एसटी. स्टँडच्या बाकड्यावर बसून मी अख्खा फॉर्म मनानंच भरला. सगळीकडे 'नाही' लिहिलं तर संशय येईल, म्हणून बाईच्याच तोंडचं वाटावं असं एक वाक्य ठोकून दिलं: 'भाकर थापताना मागं कोणी तरी उभं राहते, बांगड्या वाजतात.'

महिन्याभरानं माझा सहकारी प्रसेनजित तिला भेटून आला. बैठकीत डॉक्टरांनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. निदान एकच, भावाचं होतं तेच; आणि प्रसेनजितच्या अक्षरात तेच वाक्य, बांगड्यांसकट. "असं काम पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यानं चोरून पाहिलं असेल, असं स्वतःला पटवण्याचा नीचपणाही मी करून पाहिला. पण माझा फॉर्म तर डॉक्टरांच्या कपाटात कुलूपबंद होता.

आता तिच्या नावापुढे भावाचाच आजार लागणार होता. सासरी नुसती कुणकुण लागली असती तरी तिला माहेरी आणून घातली असती. दुसऱ्याच दिवशी मी तिच्याजवळ कबुली द्यायला गेले. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. ती मात्र ओळखीचं हसली.

"या ना बाई. बसा."

"त्या दिवशी मी आले होते, पण तुम्ही घरी..."

"वावरात होती मी. आली त तुम्ही ओट्यावर बसल्या होत्या. दिवे लागेपर्यंत बसल्या. आजवर मले इतकं मायेनं कोणी पुसलं नाही." तिनं आवाज उतरवला. "थे बांगड्यांचं पहिल्यांदा तुमच्याजवळच बोलली मी. मंग त्या सरांले सांगाची हिंमत झाली."

दिवे लागले तेव्हा मी बुलढाण्यात, माझ्या घरी, कोमट पाण्यात पाय सोडून बसले होते. चौदा वर्षं मी लोकांच्या घरी जाते आहे. दिवे लागेपर्यंत मी कुणाजवळही बसलेले नाही. खरं सांगायची वेळ हीच होती. मी म्हणाले, "हो."

ती जवळ सरकली. "मी रडली तवा तुम्ही माहा हात धरला होता." तिनं हात पुढे केला.

मी तो धरला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. तिनं हलकेच हात सोडवून घेतला, पदराला पुसला, आणि माझ्या खांद्यावरून उघड्या दाराकडे पाहत विचारलं,

"त्या दिवशीच्या बाई नाही आल्या काय संगं?"