पाठीमागचा ॲम्प

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प आहे. गिटारचा आवाज मोठा करणारा, कोपरे झिजलेला काळा खोका. सध्या मुक्काम ट्रोंडहाइममधल्या एका सोसायटीच्या अंगणात, कचऱ्याच्या कंटेनरमध्ये. अंगावर कुणाची तरी मोडकी स्की पडली आहे.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरानं मला बनवलं. आलेला स्वर किंचित डोलवायचा आणि केसभर उशिरा बाहेर सोडायचा, एवढंच त्यानं मला शिकवलं. तोर्गाइर मला घेऊन गेला. तो जॅझ फ्यूजन वाजवायचा. त्याच्याकडे आधीच एक ॲम्प होता, देखणा, सरळ स्वराचा. तार एकदाच छेडली जाई, पण स्वर आम्हा दोघांकडे येई. पुढे ठेवलेला तो ॲम्प स्वर जसाच्या तसा म्हणे, मी मागून हेलकावा देई. दोघांचं हवेत मिळून जे होई, त्याला लोक ‘तोर्गाइरचा नितळ आवाज’ म्हणत.

मला मात्र तो ड्रम्सच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवी. म्हणे, “तू ऐकू यायचं नाही, बाळा. तू नसलास की लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं पाहिजे.”

चुकल्याचुकल्यासारखं वाटलं खरं, पण कशामुळे ते कुणाला कळलं नाही.

तोर्गाइर गेला तेव्हा त्याच्या शेवटच्या रेकॉर्डमधल्या एका धुनेवर गिटार वाजवायची राहिली होती. त्याची मुलगी सिग्ने हट्टाला पेटली. “बाबांच्याच आवाजात वाजवीन. सोमवारपर्यंत जमलं नाही, तर ती धून गाळा.”

तिनं बाबांची गिटार घेतली, तसल्याच जाड, गुळगुळीत तारा चढवल्या. जुने फोटो बघून पुढच्या ॲम्पची बटणं तंतोतंत जुळवली. फोटोत मी कुठून असणार?

“छान आहे गं,” ड्रमवाला ओड्वार म्हणाला.

“छान नकोय, ओड्वार. बाबा हवेत.”

मग तिची नजर माझ्याकडे गेली. माझ्या काळजात, म्हणजे जे काही तारांचं जंजाळ आहे त्यात, धस्स झालं. तिनं पुढच्याची वायर काढली आणि मला लावली. एकट्याला!

“ई! हा तर बेसूर झालाय.”

“अगं, तो जादाचा होता, अडीनडीला,” ओड्वार हसला. “माझा कॉफीचा कप सांभाळायचा. तेवढंच त्याचं संगीत.”

“मग बाबांचा आवाज होता तरी कशात?”

“बोटांत गं. दुसरं काय?”

आज सोसायटीचा दुग्नाद, म्हणजे सगळ्यांनी मिळून साफसफाई करायचा दिवस. सगळे शेजारी फावडी-झाडू घेऊन उतरलेत, वाफल्सचा वास सुटलाय. सिग्नेनंच मला उचलून आणलं.

“चालतो का हा?” शेजारीणबाईंनी विचारलं.

“चालतो हो, पण सूर सोडलाय त्यानं.”

मित्रांनो, वस्तू टाकायच्या तर टाका. पण जिचं काम कुणाच्या तरी सोबतीनं करायचं होतं, तिला एकटीला उभं करून पारखू नका. माणसांनाही नका.

कंटेनर न्यायला गाडी आली आहे. वर, दुसऱ्या मजल्याच्या उघड्या खिडकीत सिग्ने पुन्हा तीच धून वाजवते आहे. प्रत्येक सूर अगदी बरोबर लागतो आहे. तेच तर चुकतंय, पोरी.