जेवना हात

भिकुबाईला तापी ओलांडायला कधी नाव लागली नाही. पैलतीरी वाळूत तिची टरबुजांची वाडी होती. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, मान पाण्यावर ताठ, आणि पाण्याखाली हातपाय बेडकासारखे उघडायचे, मिटायचे. गाठोड्याचं फडकं कधी भिजलं नाही. आईवेगळ्या निंबाला, आपल्या भाच्याला, तिनं तेच पोहणं शिकवलं. तो तिला फुई म्हणायचा. खानदेशात बापाच्या बहिणीला फुईच म्हणतात.

पोहण्याबरोबर तिनं त्याला काठाची रीतही शिकवली. काठ आला की उजवा हात, तिच्या बोलीत जेवना हात, आधी काठाला लावायचा, मग कपाळाला. डावा पाण्यातच ठेवायचा. नदी म्हणजे माय, आणि मायच्या अंगाला डावा हात कुणी लावत नाही. निंबाचा डावा चुकून पुढे आला की फुई त्यावर चापट मारायची, आणि मग चापटीवर फुंकर घालावी तसं गुणगुणायची,

तापी माय, तुना काठले
मी जेवना हात लावू
डावा लाजस पानीमा
त्याले कसा तुले दावू

निंबा मोठा झाला तो हे गाणं अंगात घेऊनच. अमळनेरला लीलाधर शेठच्या कापसाच्या पेढीवर तो कामाला लागला. शेठ जातीचे व्यापारी, पण जीव सगळा पोहण्यात. तापीच्या पुरात निंबाला पोहताना त्यांनी एकदा पाहिलं आणि मुंबईच्या तलावावर नेऊन उभं केलं. गावात हसाहस झाली. बेडूक मुंबईला चालला, म्हणाले, तिथं माशा तरी मिळतील का त्याला. मुंबईत साहेबलोक याच पोहण्याला ब्रेस्टस्ट्रोक म्हणत आणि त्याच्या शर्यती लावत. निंबाच्या पुढे कुणी गेलं नाही.

फक्त एक गोष्ट त्याला नव्यानं शिकावी लागली. भिंतीला दोन्ही हात एकदम लागले पाहिजेत. एकच लागला तर पोहणारा बाद. पहिल्या दिवशी निंबानं उजवा हात भिंतीला लावला, कपाळाला लावला, आणि सगळा तलाव हसला. शेठनी पुढे कितीतरी दिवस त्याची दोन्ही मनगटं धरून भिंतीवर टेकवून घेतली. हळूहळू डावा हात शिकला. कोलंबोला तो जिंकला, रंगूनला जिंकला. दर वेळी भिंत आली की तो मनात म्हणायचा, ही भिंत आहे, ही माय नाही. एवढं म्हटलं की हात पुढे जायचा.

मग सिंगापूरचं बोलावणं आलं. तिथं जो पहिला येईल त्याला विलायतेच्या मोठ्या सामन्यांना धाडायचं, असं ठरलं होतं. निघण्याआधी निंबा गावी आला. फुईनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली, वांगं भाजलं. जेवताना ती शेजारणींना सांगावं तसं भिंतीलाच सांगत होती, आमचा निंबा आगबोटीत बसून पोहायला जातो, आता बोला. मग एकदम थांबून तिनं विचारलं,

"तठे काठले कोनता हात लावस रे?"

निंबाचा घास हातातच राहिला. खरं सांगितलं असतं तर ती काही रागावली नसती कदाचित. पण तिच्या तोंडावर इतका विश्वास होता की त्याला तो मोडवेना.

"जेवनाच, फुई."

तिनं त्याच्या भाकरीवर आणखी तेल सोडलं.

ते खोटं त्याच्याबरोबर आगबोटीत चढलं. सिंगापूरचं पाणी कोमट होतं, शेतातल्या पाटाच्या पाण्यासारखं. शर्यतीत निंबा पहिल्यापासून पुढे होता. मधल्या वळणांना त्याचे दोन्ही हात नीट लागले. वळण म्हणजे नदीची मधली धार, तिथं कसली रीत. पण शेवटची भिंत पुढे आली, बाकीचे सगळे मागे राहिले होते, आणि मनात भिंत आहे, भिंत आहे, असं म्हणायच्या जागी फुईनं वाढलेलं ताट आलं. उजवा हात भिंतीला लागला. डावा पाण्यातच राहिला, लाजल्यासारखा.

पंचांनी त्याला बाद केलं. लीलाधर शेठ मग एवढंच म्हणाले की, मी तुझ्या दोन हातांवर मेहनत केली आणि तू एकच घेऊन आलास.

घरी आल्यावर फुईनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, पाणी फार गार होतं, अंग आखडलं. फुईनं त्या पाण्याला मनसोक्त शिव्या घातल्या. परमुलखाचं पाणी, म्हणाली, त्याला माया कुठून असणार. पुढे लढाई पेटली. सामने बंद पडले, आगबोटी सैन्याच्या झाल्या. लढाई संपली तोवर निंबाच्या कल्ल्यांत पांढरे केस आले होते. धुळ्याच्या एका शाळेत तो कवायत शिकवू लागला, आणि सुटीच्या दिवशी पांझरा नदीच्या बंधाऱ्यावर तालमीतल्या गड्यांना पोहणं.

एका हिवाळ्यात फुई मोतीबिंदू काढायला धुळ्याला आली. डोळ्याची पट्टी सुटली आणि तिनं हट्टच धरला, तुझं शिकवणं बघायचंय. निंबानं तिला बंधाऱ्याच्या दगडावर उन्हात बसवलं आणि पाण्याशी गेला. गड्यांची शर्यत लागली. वना नावाचा तगडा गडी सगळ्यांच्या आधी आला आणि एक हात दगडाला लावून हसत उभा राहिला. निंबा ओरडला. फुई मागे बसली आहे हे त्या क्षणी त्याच्या ध्यानातच नव्हतं.

"एकच हात? बाद तू. पहिला आलास तरी बाद. दोन्ही लागल्याशिवाय काठ तुझा नाही."

गडी हसले, वना खाली मान घालून परत पाण्यात शिरला. निंबा वळला. फुई त्याच्याकडे बघत होती. नव्या डोळ्यांनी, अगदी स्वच्छ.

"दोन्ही लावना पडतस?"

"हा, फुई."

"तवय, सिंगापूरले, तू जेवनाच लावा?"

बंधाऱ्यावरून पाणी सांडत होतं. निंबा तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला,

"तवय पानी गार व्हतं, फुई."

ती मग हात टेकत, दगडादगडानं बसत, पाण्याच्या कडेला उतरली. निंबा आधाराला धावला, तर त्याला तिनं खुणेनंच थांबवलं. तिनं उजवा हात ओल्या दगडावर ठेवला. आणि मग डावा, सुरकुतलेला, बांगडी नसलेला, त्याच्या शेजारी ठेवला. आजारी लेकराच्या अंगावर ठेवावा तसा.

"मायले दोन्ही सारखाच रे," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "माले कोनी सांगंच नही."

मागे वना पुन्हा काठाला आला होता. त्याचे दोन्ही हात दगडाला लागल्याचा आवाज झाला. निंबानं तिकडे पाहिलं नाही.

"भलतं गार व्हतं ना रे, ते पानी?" फुईनं विचारलं.

"भलतं गार, फुई."

तिनं मान डोलावली. हात मात्र तसेच होते, दोन्ही, पांझरेच्या थंडगार दगडावर, आणि बोटांतून पाणी जात होतं.