'वाढवा' नावाचं बटण

कृष्णात मेजर खरं म्हणजे मेजर नव्हते. फौजेत क्लार्क होते आणि हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. पण आमच्याकडं फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला लोक मेजर म्हणतात, आणि कुठलाच हवालदार ते दुरुस्त करत बसत नाही. यांनीही केलं नाही. ऊस भावाच्या हवाली करून ते तासगावात विश्वजितच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ऑफिस सांभाळायला लागले. फौजेत कॉम्प्युटर शिकलेला माणूस म्हणून तिथं त्यांचा चांगलाच रुबाब होता. प्रिंटर अडला की मेजर, नेट गेलं की मेजर.

ऑफिसातले कॉम्प्युटर म्हातारे झाले तेव्हा विश्वजितनं त्यांनाच विचारलं, "मेजर, आता कुठलं घ्यायचं?"

"अंगण घ्या मालक," मेजर लगेच म्हणाले. "पुण्याची कंपनी हाय. समदं मराठीत."

लगेच म्हणाले याला कारण होतं. 'अंगण' ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली बनवणाऱ्या कंपनीत त्यांची एकुलती एक मुलगी प्रियदर्शनी नोकरीला होती. एवढंच नव्हे, तर स्क्रीनवर 'सुरू' दाबल्यावर जो चौकोन उघडतो आणि ज्यातून सगळी कामं काढायची, तो सबंध चौकोन तिनं आखला होता. हे मेजरांनी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. त्यांचा बेत वेगळाच होता. आधी माणसांना वापरू दे, वाहवा करू दे, मग एक दिवस पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवायचा आणि विचारायचं, "ह्ये कुणी केलंय म्हायतंय का?" घरी बायकोपुढं त्यांनी हे वाक्य म्हणूनही दाखवलं होतं. रंगूबाई म्हणाल्या, "आदी पेढं तर आणा."

पेढे आणायची वेळ काही आली नाही.

पहिला कुरकुरला तो धुळा. गेटवर मालाची आवक नोंदवणारा, कवठे महांकाळकडचा, जिभेला हाड नसलेला माणूस. "मेजर, ह्ये 'सुरू' मधीच कशाला आणून ठेवलंय? कोपऱ्यात व्हतं तवा डोळं झाकून घावायचं. आता वाटंत म्हस बसल्यागत बसलंय." बिलं करणाऱ्या मायाची तक्रार निराळी होती. चौकोन उघडला की 'तुमच्यासाठी' म्हणून आधी पाहिलेल्या फाइली आपोआप वर येत. व्यापाऱ्याला बिल दाखवायला म्हणून तिनं 'सुरू' दाबलं, तर तिच्या नणंदेचा लग्नाचा बायोडाटा फोटोसकट पुढं आला. व्यापाऱ्यानं बिल राहू दिलं आणि मुलीचं शिक्षण विचारलं. शिवाय मशीन थांबवायचं असेल तर आधी 'सुरू' दाबावं लागतं, हे तर कुणाच्याच डोक्यात शिरत नव्हतं; सगळे सरळ भिंतीवरचा स्विच बंद करत.

"नवी चप्पल आदी चावतीच," मेजर म्हणायचे आणि विषय बदलायचे.

मग सौद्याचा दिवस आला. बेदाण्याची बोली चालू होती, बागायतदार आणि व्यापारी हॉलमध्ये दाटीवाटीनं बसले होते, आणि लागलेला भाव माया टाकेल तसा भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होता. मागच्या रांगेला अक्षर दिसेना. तिकडून कुणीतरी म्हणालं, "आवं ताई, अक्षरं जरा वाढवा की." मायानं 'सुरू' दाबलं. खाली चांगलं ठसठशीत बटण होतं, 'वाढवा'. तिनं ते दाबलं. पडद्यावर आलं, 'वाढवत आहे, कृपया थांबा'. सगळा हॉल माना वर करून अक्षरं मोठी व्हायची वाट बघत बसला. मग पडदा काळा झाला.

बिघाड कसलाच नव्हता. 'वाढवा' म्हणजे बंद करा. दुकान वाढवतात, बांगडी फुटली की वाढवली म्हणतात, तसं. सकाळपासून टाकलेले भाव गेले. कुणी किती बोललं होतं यावरून हमरीतुमरी झाली, बोली पुन्हा लावावी लागली, आणि दुसऱ्या खेपेला बऱ्याच जणांच्या मालाला पहिल्यापेक्षा कमीच भाव लागला. एकदा तोंडातून गेलेला भाव पुन्हा द्यायला व्यापारी काही तुमचा मामा नसतो.

"भाव वाढतोय म्हणून बगत बसलो, तर दुकानच वाढलं," एक बागायतदार म्हणाला. "कंच्या गाढवानं लिव्हलंय ह्ये?"

हॉल हसला. मेजर तेव्हा टेबलाखाली होते. वायरी तपासत होते, खरं तर वायरींना काही झालेलं नव्हतं. त्यांना वर यायचं नव्हतं, कारण तो शब्द त्यांचा होता. घरात त्यांनी कधी कुणाला 'बंद कर' म्हणू दिलं नाही. अभद्र वाटतं म्हणायचे. दुकान वाढवावं, मग मशीनही वाढवावं. "प्रिया, कॉम्प्युटर वाढव आन् जेवाय ये," हे वाक्य ऐकत ती पोर मोठी झाली. कंपनीत त्या बटणासाठी शब्द शोधत होते, तेव्हा तिनं आबांचा शब्द दिला. पुण्यात सगळे खूश. किती अस्सल शब्द, म्हणाले. तिनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मेजरांचा ऊर भरून आला होता. आता तोच शब्द भर सौद्यात गाढवाचा ठरला. लाज कुणाची वाटते आहे, स्वतःची की लेकीची, याचा त्यांनी नीट विचार केला नाही. केला असता तर पुढचं कदाचित टळलं असतं.

विश्वजितनं कंपनीला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. कंपनी म्हणाली, माणूस पाठवतो, तुमच्या सगळ्यांची मतं ऐकून घेतो.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी ऑफिसच्या दारात प्रियदर्शनी उभी राहिली. गळ्यात कंपनीचं कार्ड, खांद्याला कपड्यांची बॅग. तासगावला मीच जाते, असं तिनं मुद्दाम मागून घेतलं होतं आणि घरी कळवलं नव्हतं. काम उरकून आबांच्या मागं गाडीवर बसून गावी जायचं, आईला चकित करायचं, असं तिनं ठरवलेलं. मेजरांना बघून ती हसली. "आबा" म्हणायला तिचं तोंड उघडलंसुद्धा.

"या मॅडम, बसा," मेजर म्हणाले.

तिचं तोंड क्षणभर तसंच राहिलं. मग मिटलं. ती येऊन खुर्चीवर बसली आणि बॅग तिनं पायाशी ठेवली.

मेजरांनी हे ठरवून केलं नव्हतं. लेक दारात दिसली, पाठीमागं धुळा उभा होता, माया बघत होती, आणि तोंडातून निघून गेलं. पण निघून गेलेलं परत घेता येत होतं. पुढचा पाऊण तास प्रत्येक क्षणी घेता येत होतं.

"मॅडम, तुमी कुठल्या?" मायानं विचारलं. कार्डावर सासरचं आडनाव होतं, त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं.

प्रियदर्शनीनं मेजरांकडं पाहिलं. "इकडचीच."

"हिकडची म्हंजे? कंचं गाव?" धुळा पुढं सरकला.

"आरं, पुण्याच्या असतील. कंपनी पुण्याची न्हवं का?" मेजर मध्येच म्हणाले. "तू च्या सांग जा."

मग मतं सुरू झाली, आणि आमची माणसं एकदा मत द्यायला लागली की हातचं राखत नाहीत. धुळ्यानं म्हैस पुन्हा एकदा वाटेत बसवली. चित्रांखाली नावं नाहीत, मग कशात काय आहे हे उघडून बघायचं का, असं मायानं विचारलं. आणि 'तुमच्यासाठी' म्हणून जे वर येतं, त्यात आमच्यासाठी काहीच नसतं, बघणाऱ्यासाठी असतं, असंही म्हणाली. विश्वजित म्हणाला, "दिसायला देखणं आहे हो, नाही कशाला म्हणू. पण देखणेपणावर सौदा होत नाही." प्रियदर्शनी सगळं लिहून घेत होती, मध्ये काहीही समर्थन करत नव्हती. अमुक उघडून दाखवा म्हणायची, आणि माणूस कुठं चाचपडतो ते बघायची. मेजरांना आपल्या लेकीला काम करताना पहिल्यांदाच बघायला मिळत होतं. ती हुशार होती, नम्र होती, ऐकून घेत होती. अभिमान वाटावा असंच सगळं होतं, आणि तो वाटून घ्यायचा हक्क त्यांनी दारातच सोडला होता.

"आन् त्यो 'वाढवा'," धुळा म्हणाला. "त्यो शब्द कुणी घातलाय, मॅडम? त्याला एकदा हितं आणा."

"मीच घातलाय," प्रियदर्शनी म्हणाली.

मायानं धुळ्याकडं डोळे वटारून पाहिलं. "तसं न्हाई मॅडम, शब्द वंगाळ न्हाई..."

"नाही, चूक माझीच आहे. आमच्या घरात तसं म्हणतात. घरातला शब्द सगळीकडे चालेल, असं मी धरून चालले."

"तुमच्या घरात मशीन वाढवा म्हणत्यात व्हय?"

"माझे वडील म्हणतात," ती म्हणाली आणि मेजरांकडं वळली. "काका, तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुमचं काय मत?"

दार उघडून दिल्यावर आत यायला किती वेळ लागतो? त्यांनी फक्त 'मीच म्हणतो' एवढंच म्हणायचं होतं. धुळा हसला असता, माया चहाच्या कपात बघत राहिली असती, विश्वजितनं दोन दिवस टोमणे मारले असते. याहून जास्त काही झालं नसतं. ज्या माणसानं सीमेवर बर्फात ड्यूटी केली, त्याला या तिघांच्या हसण्याची भीती वाटली.

"काढून टाका त्यो शब्द, मॅडम," मेजर म्हणाले. "अडाण्याच्या घरचा शब्द हाय. हापिसात शोभत न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रियदर्शनीनं तेही लिहून घेतलं. तिनं सगळ्यांचे आभार मानले, चहा पूर्ण प्यायली आणि बॅग उचलून निघाली.

मेजर थोडा वेळ कागद इकडचे तिकडे करत बसले. मग बँकेत काम आहे म्हणून सांगून उठले आणि गाडी काढून थेट स्टँडवर गेले. ती बाकावर बसली होती. त्यांना बघून ती सरकली आणि शेजारी जागा केली.

"प्रिया."

"बोला, आबा."

"घरी येत न्हाईस?"

"आई विचारेल दिवसभरात काय काय झालं. मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. पुण्याची गाडी आहे आता, जाते."

मेजरांनी बाकाच्या कडेला दोन्ही हात टेकले. बोलायचं ठरवूनच आले होते, पण सुरुवात कुठून करायची ते कळेना. तेव्हा तीच म्हणाली, "तुम्ही ओळख दिली नाहीत ते एका परीनं बरंच झालं. तुमची मुलगी म्हटल्यावर माणसं इतकं मोकळं बोलली नसती. मतं खरी मिळायला पाहिजेत, नाहीतर उपयोग काय?"

ती टोमणा मारत नव्हती. तिनं बापाला उभं राहायला जागा करून दिली होती, इतकंच. मेजरांनी म्हणायला हवं होतं, तसं न्हाई पोरी, मला लाज वाटली.

"व्हय," ते म्हणाले. "म्हणूनच म्या बोललो न्हाई. म्हटलं, तुझ्या कामात आडकाठी नगं."

तिनं मान हलवली. हे खोटं आहे हे तिला कळत होतं, आणि तिला कळतंय हे त्यांना. दोघंही समोरच्या फलाटाकडं बघत राहिले.

पुण्याची गाडी लागली, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. "आवं मेजर, तुमी हितं?" धुळा होता. सकाळच्या पाळीची ड्यूटी संपवून कवठे महांकाळच्या गाडीला आला होता. त्यानं एकदा मॅडमकडं पाहिलं, एकदा मेजरांकडं. दोघं एका बाकावर कसे, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

आता मतं घेऊन झाली होती. कुणाच्या कामात कसलीही आडकाठी येणार नव्हती. प्रियदर्शनी त्यांच्याकडं बघत थांबली.

"मॅडमना गाडी दावाय आलतो," मेजर म्हणाले. "त्यास्नी हितलं काय म्हाईत न्हाई."

याच स्टँडवरून ती पोर रोज कॉलेजला जात होती.

"थँक यू, काका," ती म्हणाली आणि उठली. धुळ्यानं लगबगीनं तिची बॅग गाडीत चढवून दिली. तिला खिडकीची जागा मिळाली. गाडी मागं सरकली, वळली, आणि मेजरांचा हात वर उठला. पण शेजारी धुळा उभा होता. मॅडमला कुणी असा हात हलवतं का? त्यांनी तो हात खाली घेतला, दुसऱ्या हाताला जोडला आणि पोटच्या लेकीला वाकून नमस्कार केला. खिडकीतून तिनंही हात जोडले.