मोजल्या नाहीत मी

आज रात्री असं होणार आहे

ठकी येईल. एक हात प्लॅस्टरमध्ये, त्यामुळे बुटांच्या नाड्या तिला सोडता येणार नाहीत. सिस्टर खाली बसून सोडेल. ठकी म्हणेल, "राहू दे, मी करते," आणि करू देईल. मग ती खोलीभर नजर फिरवेल. त्याला फार वेळ लागणार नाही, खोलीच केवढीशी: पलंग, शेगडी, टेबल, कोपऱ्यात मोरी, रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. मग तिला जमिनीवरची नवी गादी दिसेल. निळी खोळ, कडेने पिवळं पायपिंग. "ही कुणी शिवली?" ती विचारेल. "आहे एक बाई ओळखीची," सिस्टर म्हणेल. ठकी हसेल. नक्की हसेल. दिवा घालवल्यावर ती काहीबाही बोलत राहील, कारण अंधारात तोंड दिसत नाही आणि अकरा वर्षांच्या मुलींना तेव्हाच बोलायला सुचतं. आणि त्या बोलण्याच्या ओघात कुठेतरी "आई" हा शब्द येईल.

आजवरच्या भेटींत तो आलेला नाही. ठकी तिला कशानेच हाक मारत नाही. समोर येऊन उभी राहते आणि थेट बोलायला लागते.

एवढंच. याहून जास्त काही सिस्टरने मागितलेलं नाही.

असं ठरवून ती सकाळपासून शिवत होती

खाली सोफ्यांच्या खोळी शिवायचं दुकान, वर तिची खोली. शिलाई ती तुरुंगात शिकली. सिस्टर हे नाव मात्र त्याच्याही आधीचं, इस्पितळातलं. ती नर्स होती. तुरुंगातल्या बायकांनी ते उचललं, आणि दुकानात फोम कापणाऱ्या वस्तऱ्याने गोड बोलून तिच्याकडून ते काढून घेतलं. त्याला वस्तरा हातातल्या पात्यामुळे म्हणतात की तोंडातल्या, यावर दुकानात दोन मतं आहेत. ती तुरुंगात होती हे दुकानाला ठाऊक होतं. कशापायी, ते कुणी विचारलं नव्हतं.

"सिस्टर, आज मशीन नुसतं पळतंय. मागे कुत्रं लागलंय का?" वस्तऱ्याने विचारलं.

"पोरगी येतेय राहायला."

"मग उद्या दांडी."

"उद्या रविवारच आहे."

"मालकांचं नशीब बघा. दांडी पण यांच्या फायद्याची."

मालकांनी चष्म्यावरून बघितलं. "तू जा वर. टाके वाकडे यायला लागलेत तुझे."

टाके सरळ होते. ती उठली.

कुलूप

ठकीला दादा-वहिनीने वाढवलं. सिस्टर सुटून आल्यापासून भेटायची ती त्यांच्याच घरी, दिवाणखान्यात, आणि वहिनी शेजारी वाटाणे सोलत बसलेली. न्हाणीघरातल्या औषधांच्या कपाटाला नवं कुलूप होतं. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सिस्टरला रागही आला नाही. तिने स्वतः दोन लावली असती.

मग परवा ठकी सायकलवरून पडली. हाड बसवायला शस्त्रक्रिया करावी लागली. त्यात काल वहिनीच्या वडिलांनी दुसऱ्या गावी अंथरूण धरलं. दादा-वहिनीला जायलाच हवं, आणि तसला हात घेऊन पोरीला लांबच्या प्रवासात हेलपाटायचं तरी कसं. वहिनीने फोन केला. "एक रात्र ठेवशील?"

सिस्टर "हो" म्हणाली आणि फोन ठेवल्यावर आणखी एकदा "हो" म्हणाली.

जिना

वहिनीचे गुडघे दुखतात. ती कठडा धरून एकेक पायरी चढली. मागे ठकी, दप्तरासकट. दादा खाली गाडीतच बसला.

"रात्री भात दे, दूध नको, दुधाने तिला मळमळतं. हात उशीवर उंच ठेव. तुला काय सांगायचं म्हणा, तू तर शिकलेली." वहिनीने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. "आणि ह्या. दुखलं तर अर्धी दे म्हणालेत डॉक्टर. जालीम आहेत."

सिस्टरला नाव वाचायला जवळ जावं लागलं नाही. त्या पट्टीचा रंग ती रस्त्याच्या पलीकडून ओळखेल.

वहिनी खिडकीकडे बघत म्हणाली, "मोजल्या नाहीत मी."

हे वाक्य तिने जिना चढताना तयार केलं असणार. पायरीपायरीवर. कितीतरी काळात सिस्टरला कुणी एवढं मोठं काही दिलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.

आता होणार तसं नाही, झालं तसं

ठकीने बूट स्वतः काढले, एका पायाने दुसऱ्याचा. नाडी सोडलीच नाही.

"वायफाय आहे?"

"खालच्या दुकानाचं आहे. वस्तऱ्याला विचारावं लागतं."

"वस्तरा कोण?"

"फोम कापतो. फार बोलतो."

"मग नको."

ती पलंगावर बसली. गादीकडे तिने बघितलं, पण आपण खाली झोपायचं की वर, एवढंच विचारलं. सिस्टरने अंडी उकडायला ठेवली. पट्टी टेबलावरच होती. शेगडीकडे तोंड केलं की पट्टी पाठीमागे यायची, मग पाठीलाच ती दिसू लागायची.

थोड्या वेळाने ठकीने हात पोटाशी धरला आणि म्हणाली, "दुखतंय."

आणि सिस्टरच्या मनात आलं: एवढं काही दुखत नसेल.

हे वाक्य नवं नव्हतं

वॉर्डात रुग्ण उचलता उचलता तिची पाठ धरली तेव्हा पहिली गोळी तिने डॉक्टरांना विचारून घेतली होती. पुढे पाठ सुटली, गोळी सुटली नाही. मग ती रुग्णांच्या गोळ्या मोडायला लागली. अर्धी त्यांना, अर्धी तिला. मोडताना दर वेळी ती मनाशी तेच म्हणायची. भिंतीकडच्या खाटेवर एक आजोबा होते. ते कण्हायचे नाहीत, नुसती खाटेची दांडी आवळून धरायचे, आणि ती अर्धी गोळी घेऊन आली की म्हणायचे, "सिस्टर, फार त्रास देतो तुम्हाला." तिने त्यांची उशी नीट केली होती. त्यांचं अंग पुसलं होतं. आणि त्यांची उरलेली अर्धी तिच्या खिशात होती.

पुढे ती गोळ्या बाहेर विकू लागली आणि पकडली गेली. खटला चालला तो चोरीचा. आजोबांचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

आज ती गोळी गिळण्याची भीती तिला होतीच, ती जुनी, सवयीची. पण ही दुसरी तिला ठाऊक नव्हती. ठकीला अर्धी द्यायची होती. अर्धीची अर्धी होते.

तिने शेगडी बंद केली आणि फोन उचलला.

फोन

"वहिनी, कुठवर पोचलात?"

"गावाबाहेर आताच पडलो. काय झालं? पडली का परत?"

"ती ठीक आहे. दुखतंय तिला."

"मग दे ना गोळी."

"मला देता येणार नाही."

"म्हणजे?"

"त्या इथे नकोत, वहिनी. येऊन घेऊन जा."

"घेतलीस तू?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही घेतली. मोजल्या असत्यास तर तुला दाखवता आलं असतं."

"ह्यांना गाडी वळवायला सांगतेय. थांब."

ठकीला सांगायचं राहिलं होतं

"मी काय केलं?" ठकीने विचारलं. तिने सगळं ऐकलं होतं.

"तू काही नाही केलंस."

"मग मामी का परत येतेय? मला इथे ठेवायचं नाहीये का?"

सिस्टर गादीवर बसली, त्यामुळे पलंगावरची ठकी उंच झाली. "तुला मामीने सांगितलंय ना, मी कशी आत गेले ते."

"गोळ्या चोरल्या म्हणून."

"ह्याच त्या. ह्या मला न दुखताही हव्याशा वाटतात. आणि हव्याशा वाटल्या की दुसऱ्याचं दुखणं मला खोटं वाटतं. आत्ता तुझं वाटलं."

ठकीने विचार केला. तिचा चेहरा पांढरा पडला होता, घाम आला होता. खोटं कसलं.

"पण मला खरंच दुखतंय," ती म्हणाली.

"हो. दिसतंय मला."

तिघी

वहिनी वर आली तेव्हा धापा टाकत होती, म्हणून रागावता येईना. तिने आधी बशी मागितली, गोळी मोडली आणि अर्धी ठकीला पाण्याबरोबर दिली. मग म्हणाली, "रात्रीपुरत्या दोन ठेवते. मोजून. बाकीच्या नेते."

"दोन ठेवल्यास तर तिला एक मिळेल."

वहिनीने पट्टी मुठीत घेतली.

"साध्या गोळ्या आणते मी," सिस्टर म्हणाली. "बर्फ लावते. जागी बसते तिच्याजवळ."

"साध्यांनी काल थांबलं नव्हतं," ठकी म्हणाली. भांडून नाही, माहिती दिल्यासारखं.

"मग कसं करायचं, बाळा? राहतेस की येतेस? गाडीत मागे आडवं पडता येईल, पण धक्के बसतील."

ठकीने गादीकडे बघितलं, आईकडे बघितलं, वहिनीच्या हातातल्या पट्टीकडे बघितलं.

"रात्री दुखलं तर?" तिने विचारलं.

वहिनीने पट्टी पिशवीत टाकली.

"येते," ठकी म्हणाली, आणि बुटांत पाय सरकवले.

सिस्टर तिला कसं म्हणणार होती, राहा म्हणून? दुखणारं माणूस गोळी जाईल तिकडे जातं. हे या खोलीत तिच्याइतकं कुणाला कळत होतं?

दप्तर वहिनीने घेतलं. दारात ठकी अडखळली. "अंडी राहिली," ती म्हणाली, आणि गेली.

खिडकी

बशी टेबलावर होती. बशीत उरलेली अर्धी.

वहिनी घाईत विसरली होती. पांढरी, मोडलेल्या बाजूने खरखरीत. टाकून द्यायची म्हटलं तर मोरी हातभर अंतरावर. नळ सोडला की संपलं. पण त्यासाठी ती आधी उचलावी लागणार होती, आणि चिमटीतून मोरीपर्यंतच्या हातभर वाटेचा तिला भरवसा नव्हता. ती पाठ भिंतीला लावून सरकत खिडकीशी गेली. खाली ठकी मागच्या सीटवर आडवी होत होती. दुकान बंद करायची वेळ, रस्त्यावर माणसं, वस्तरा फळ्या लावत होता.

"वहिनी," ती ओरडली. "अर्धी राहिली. वरती ये."

सगळ्यांनी वर बघितलं. दादानेही. तो लगेच पुन्हा समोर बघू लागला.

वहिनी तिसऱ्यांदा जिना चढली. ती अर्धी तिने रुमालात बांधली आणि रुमाल ब्लाउजमध्ये खोचला. मग विचारलं, "अजून काही?"

"नाही."

"नक्की?"

"बघून जा."

वहिनीला ते जड गेलं, तरी तिने बघितलं. उशी उचलली, बशी उलटी केली, पलंगाखाली वाकता येईना म्हणून पायाने चाचपलं. वळली तेव्हा सिस्टर भिंतीशी उभी होती, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, तळवे उघडे. झडतीत उभं राहतात तशी. तिचं तिला कळलंही नव्हतं.

"अगं, हात खाली घे," वहिनी म्हणाली. सिस्टरने घेतले नाहीत, म्हणून तिनेच एकेक धरून खाली केला. "बर्फ झालेत."

खालून हॉर्न वाजला.

"पोचलो की फोन करते. तिला देते बोलायला, जागी असली तर." वहिनी दाराशी थांबली. आणखी काही बोलायचं होतं तिला, पण दुसरा हॉर्न वाजला आणि ती कठडा धरून उतरू लागली.

गाडी गेली. वस्तरा फळी हातात धरून अजून वरच बघत होता. "सिस्टर, अर्धी काय राहिली होती?"

पहिल्यांदाच तो थट्टा करत नव्हता. खरंच विचारत होता, आणि शेजारी मालकही उभे होते.

"सोमवारी सांगते," ती म्हणाली. "दोघांना."

तिने खिडकी लावून घेतली. सोमवारच्या आधी अख्खा रविवार होता.